नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्वात डॉक्टरेट: ऑनलाइन की अर्धवेळ?

पर्यवेक्षिका_कृष्णाकाठ

नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षिका आहे. एम.ए., एम.एड. (५८ टक्के). सेवेची दहाएक वर्षं शिल्लक आहेत. शाळा कशी चालवावी, मुख्याध्यापकानं नेमकं काय केलं की वर्गात फरक पडतो, यावर नीट संशोधन करायची फार इच्छा आहे. चार प्रश्न आहेत.

१. 'एज्युकेशनल लीडरशिपमध्ये ऑनलाइन डॉक्टरेट, १८ महिन्यांत, परदेशी विद्यापीठ, प्रवेश परीक्षा नाही' अशा जाहिराती फोनवर रोज येतात. ही पदवी इथे चालते का?

२. माझी नणंद न्यू जर्सीत सरकारी शाळेत शिकवते. तिचे सहकारी ऑनलाइन एड.डी. (शिक्षणातली डॉक्टरेट) करतात आणि त्यांना पगारवाढही मिळते. तिकडे चालतं तर इकडे का नाही?

३. ऑनलाइन नसेल तर पूर्ण वेळ नोकरी करून पीएच.डी.चा रीतसर मार्ग कोणता?

४. विषय मनात आहे: 'मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शालेय गुणवत्तेवर होणारा परिणाम'. कसा वाटतो?

---

नियमपोथी

मॅडम, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.बाबतचे सध्याचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ चे आहेत. पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आधीच्या २०१६ च्या विनियमांतही दूरस्थ पीएच.डी.ला मनाई होतीच. इथली एखादी एड-टेक कंपनी आणि परदेशी विद्यापीठ मिळून जी ऑनलाइन पीएच.डी. विकतात, तिला मान्यता नाही अशी संयुक्त सूचना यूजीसी आणि एआयसीटीईनं (तंत्रशिक्षण परिषदेनं) ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली होती.

१८ महिन्यांचं म्हणाल तर कोर्सवर्क (नोंदणीनंतरचे सक्तीचे विषय) धरून पीएच.डी.ची किमान मुदतच तीन वर्षांची आहे. त्याहून कमी मुदत सांगणाऱ्याला फोन करण्यातही वेळ घालवू नका.

परदेशी पदवीला समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. हे काम पूर्वी एआययू (भारतीय विद्यापीठ संघ) करत असे. एप्रिल २०२५ च्या विनियमांनंतर ते यूजीसीकडे आलं, आणि फ्रँचायझी पद्धतीनं घेतलेली पदवी तिथे टिकत नाही. देशातल्या विद्यापीठाच्या बाबतीतही 'हजेरीची काळजी नको, प्रबंधाचं आम्ही बघतो' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. पीएच.डी.च्या नियमांचं पालन केलं नाही म्हणून राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना यूजीसीनं जानेवारी २०२५ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी पीएच.डी. प्रवेश बंद केले. त्यात तिथल्या विद्यार्थ्यांची वर्षं आणि पैसे अडकतात.

ही पदवी तुम्हाला कशासाठी हवी आहे, तेही आधीच ठरवा. अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ज्येष्ठता यादीवर मिळतं. पदवी, बी.एड. आणि ठरलेला अनुभव असला की अर्हता पुरी होते, पीएच.डी.नं क्रमांक वर सरकत नाही. बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं असेल तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नोकरी बदलणं एवढाच हेतू असेल तर तो रस्ता कितीतरी जवळचा आहे. बी.एड. महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाला शिक्षणशास्त्रातली (किंवा तिथल्या एखाद्या अध्यापन विषयातली) पीएच.डी. लागतेच, पण एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या निकषांप्रमाणे सोबत अध्यापक शिक्षण संस्थेत शिकवल्याचा आठ वर्षांचा अनुभवही लागतो. शाळेतली सेवा त्यात धरत नाहीत. तुमची उरलेली दहा वर्षं पाहता हा हिशेब आत्ताच मांडून ठेवा.

तुम्ही लिहिलंय तशी संशोधनाचीच ओढ असेल, तर पीएच.डी. अवश्य करा. अर्धवेळ पीएच.डी.ला पूर्ण मान्यता आहे.

---

संशोधनकेंद्र_खिडकी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. अर्धवेळ म्हणजे सवलतीची पीएच.डी. नव्हे. प्रवेश, कोर्सवर्क, मूल्यमापन सगळं पूर्णवेळवाल्यांसारखंच असतं. वेगळं काय, तर नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत प्रमाणपत्र. त्याकडे मी शेवटी येतो.

पात्रता पदव्युत्तर ५५ टक्के, राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएसना ५ टक्के सूट. तुमचं एम.एड. ५८ आहे, काळजी नाही.

प्रवेश परीक्षेचे दोन मार्ग आहेत. एक विद्यापीठाची पेट: निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे, उत्तीर्ण व्हायला ५० टक्के (राखीव ४५). दुसरा यूजीसी-नेट. जून २०२४ च्या परीक्षेपासून नेटमध्ये 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र' असा वेगळा गट असतो. त्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक असतो. ते गुण एकच वर्ष चालतात, आणि इथेच पुष्कळ जण फसतात: निकाल हातात असतो, पण वर्षभरात गाईड मिळत नाही आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

तेव्हा परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच गाईड शोधायला लागा. तुमचं क्षेत्र शिवाजी विद्यापीठाचं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शिक्षणशास्त्र 'आंतरविद्याशाखीय अभ्यास' या विद्याशाखेत आलं आहे, मानव्यविद्येत नाही. रिक्त जागांची यादी तिथेच बघा. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार एवढेच विद्यार्थी एका वेळी असू शकतात. शिक्षणशास्त्रात मान्यताप्राप्त गाईड मुळात कमी, त्यामुळे अडथळा परीक्षेपेक्षा इथेच जास्त येतो. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या गाईडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्यांना चार-पाच वर्षं उरली आहेत ते घेऊ शकतात, पण अर्धवेळ विद्यार्थ्याला पाच-सहा वर्षं सहज लागतात. अशा वेळी सहमार्गदर्शक कोण असेल, हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यात संकोच नको, चांगला गाईड हा प्रश्न मानानंच घेतो.

भेटायला जाताना 'सर, एखादा विषय द्या' म्हणून जाऊ नका. आठ-दहा पानांचा कच्चा आराखडा हवा: प्रश्न काय, आधी कुणी काय केलंय, माहिती कुठून आणि कशी गोळा करणार. शोधगंगावर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्याच गाईडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, त्यातले दोन वाचून जा. गाईड मुलाखती-निरीक्षणाच्या पद्धतीत रमणारे आहेत की प्रश्नावली आणि आकड्यांत, हे अर्ध्या तासात समजतं.

नोंदणीनंतर कोर्सवर्क १२ ते १६ क्रेडिटचं. 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा विषय त्यात सक्तीचा. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के. काही केंद्रं तासिका शनिवार-रविवारी किंवा दिवाळी-मेच्या सुट्टीत ठेवतात, काही ठेवत नाहीत. वेळापत्रक प्रवेशाआधी मागून घ्या. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. दहावीची परीक्षा आहे किंवा निवडणुकीचं काम लागलंय म्हणून सत्र चुकवलं की अहवालाची जागा रिकामी राहते, आणि लागोपाठ रिकाम्या जागा दिसल्या की नोंदणी धोक्यात येते. काम थोडं झालं असेल तर थोडं मांडा, पण हजर राहा.

मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला विद्यार्थ्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. प्रबंध दिल्यावर संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक आणि तोंडी परीक्षा. ही प्रक्रिया सहा महिन्यांत संपवायची असा नियम आहे. शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती २०२२ मध्ये गेली, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. तुमच्या विद्यापीठाची अधिसूचना बघा.

आता ना-हरकत प्रमाणपत्र. विनियमांप्रमाणे त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल. आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. 'आमची हरकत नाही' एवढ्या एका ओळीचं पत्र छाननीत परत येतं. तिसरं वाक्य लिहायला संस्था बिचकतात, म्हणून मसुदा स्वतः टाइप करून न्या. सही सक्षम अधिकाऱ्याची हवी. खासगी संस्थेत सहसा सचिवांची, आणि पत्रावर जावक क्रमांक असलाच पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी हेच पत्र रीतसर वरिष्ठांकडून मिळवायचं. त्याला महिने लागतात, म्हणून प्रवेशाच्या जाहिरातीची वाट न बघता अर्ज टाकून ठेवावा.

---

एडिसनकर

नणंदबाईंच्या बाजूनं लिहितो. अमेरिकेत एड.डी. ही काम करणाऱ्या शिक्षक-प्रशासकांसाठीची वेगळी पदवी आहे. ती हार्वर्डनं १९२० च्या सुमारास सुरू केली. पीएच.डी. नवं ज्ञान निर्माण करण्यासाठी आणि एड.डी. आपल्या कामातला प्रश्न संशोधनाच्या शिस्तीनं सोडवण्यासाठी, अशी विभागणी २००७ च्या कार्नेगी प्रकल्पापासून जास्त ठळक झाली. म्हणून बऱ्याच ठिकाणी पारंपरिक प्रबंधाऐवजी 'डिझर्टेशन इन प्रॅक्टिस' असतं: स्वतःच्या शाळेतली किंवा डिस्ट्रिक्टमधली (शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेतली) एक अडचण घ्यायची, तिची कारणं शोधायची, एक बदल करून बघायचा आणि त्याचं मोजमाप करायचं. जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, यूएससी, ॲरिझोना स्टेट अशी नावाजलेली विद्यापीठं हे ऑनलाइन चालवतात. तिथे ऑनलाइन म्हणजे ठरलेल्या संध्याकाळी थेट वर्ग, वीस-पंचवीस जणांचा एकच गट आणि दर आठवड्याला लेखन. काम कमी नसतं.

तिकडे पदवीचा कस अधिस्वीकृतीवर (विद्यापीठाचा दर्जा तपासून दिलेल्या मान्यतेवर) ठरतो, शिकवण्याच्या माध्यमावर नाही. विद्यापीठाचं नाव अमेरिकी शिक्षण खात्याच्या डेटाबेसमध्ये तपासायचं, आणि अधिस्वीकृती देणारी संस्था कोणती तेही बघायचं, कारण बोगस विद्यापीठांनी बोगस अधिस्वीकृती संस्थाही काढून ठेवल्या आहेत. न्यू जर्सीला याचा चटका बसलेला आहे. २००८ मध्ये तिथल्या एका हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अशाच एका दुकानातून डॉक्टरेट घेतल्याचं आणि शुल्क डिस्ट्रिक्टनं भरल्याचं उघड झालं. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला: शिक्षणाचं शुल्क किंवा पदवीवरची पगारवाढ हवी असेल तर संस्था मान्यताप्राप्त हवी, विषय कामाशी निगडित हवा आणि नाव घालण्याआधी सुपरिंटेंडेंटची (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाची) मंजुरी हवी. 'आधी' या शब्दावर माझा जोर आहे. एक सत्र झाल्यावर मंजुरी मागितली तर त्या सत्राचं काही मिळत नाही.

एड.डी. झालं म्हणजे प्रिन्सिपल होता येतं असंही नाही. त्यासाठी राज्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि न्यू जर्सीत ते पदव्युत्तर पदवीवर मिळतं. डॉक्टरेटला ती तयारी जोडलेली आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावं.

खर्चाचा अंदाज क्रेडिटवर करतात. ४८ ते ६० क्रेडिट धरा. पण घात होतो तो शेवटी. सगळे वर्ग संपतात, प्रबंध रखडतो, आणि पूर्ण होईपर्यंत दर सत्राला 'कंटिन्युएशन'चं शुल्क भरत राहावं लागतं. सगळं झालं फक्त प्रबंध राहिला, अशा अवस्थेत पुष्कळ जण थांबतात. नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची शैक्षणिक मदत करमुक्त असते. केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतं, एच-१बी किंवा एच-४ वाल्यांना नाही. ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद आहे. पदव्युत्तरची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण एक लाख डॉलर. महागडं विद्यापीठ निवडण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

---

नमुना_निवड

चौथ्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते, कारण विषय चांगला आहे आणि शीर्षक मात्र त्याला बुडवेल.

'नेतृत्वशैलीचा गुणवत्तेवर परिणाम' यात तीन शब्द अडचणीचे. 'नेतृत्वशैली' म्हटलं की बाजारात मिळणारी परदेशी प्रश्नावली घेतली जाते, तिचं घाईत मराठी केलं जातं, आणि आपल्या शाळेतला मुख्याध्यापक त्यात मावत नाही. त्याचा दिवस शालार्थ (पगाराची प्रणाली), यू-डायस (शाळेच्या माहितीची नोंद), पोषण आहाराच्या नोंदी आणि संचमान्यतेत (शिक्षकपदांच्या मंजुरीत) जातो. ते सोडून नेतृत्व मोजलं तर कागदावरचं नेतृत्व मोजलं जाईल. 'गुणवत्ता' म्हणजे काय, दहावीचा निकाल? तो बहुतेक शाळांत नव्वदीच्या आसपास गर्दी करतो, फरकच दिसत नाही तर संबंध कसा दिसणार. आणि 'परिणाम' हा शब्द एका वेळच्या सर्वेक्षणाला झेपत नाही. तिथे फार तर 'संबंध' म्हणता येतं. तोंडी परीक्षेत याच शब्दावर तासभर जाऊ शकतो.

नेतृत्वातली एकच कृती निवडा. मुख्याध्यापकाचं पाठ निरीक्षण घ्या: वर्षात किती होतात, निरीक्षणानंतर शिक्षकाशी बोलणं होतं का, काय बोलणं होतं, आणि पुढच्या पाठात त्यातलं काय उतरतं. पर्यवेक्षिका म्हणून हा तुमचा रोजचा प्रांत आहे. लॉगबुकच्या नोंदी हा पुरावा शाळेत आयताच असतो आणि त्याचं विश्लेषण फारसं कुणी करत नाही. शीर्षक मग असं काहीसं: 'माध्यमिक शाळांतील पाठ निरीक्षणोत्तर चर्चेचे स्वरूप आणि शिक्षकांच्या अध्यापनातील बदल'. त्यापुढे तालुका आणि इयत्ता घाला.

नमुना: तालुक्यात ६० माध्यमिक शाळा असतील तर नेहमीच्या तक्त्याप्रमाणे (९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक) ५२ लागतात. म्हणजे जवळजवळ सगळ्याच. मग सगळ्याच घ्या. शिक्षकांकडूनही माहिती घेणार असाल तर एक खाच आहे. समजा, ४५ शाळांतले पाच-पाच शिक्षक म्हणजे २२५ झाले, पण एकाच शाळेतल्या पाच जणांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. हे साम्य ०.२ धरलं तर १ + (५ − १) × ०.२ = १.८, आणि २२५ भागिले १.८ म्हणजे खरा नमुना १२५ चाच. याकडे दुर्लक्ष केलं की नसलेले फरक 'सार्थ' दिसायला लागतात. शिक्षकांपेक्षा शाळा वाढवणं केव्हाही बरं.

मुख्याध्यापकानं स्वतःबद्दल भरलेली प्रश्नावली एकटी कधीच वापरू नका. सगळे स्वतःला पाचपैकी साडेचार देतात. तीच विधानं त्याच्या शिक्षकांनाही द्या आणि दोन्हींतली दरी मोजा, पुष्कळदा निष्कर्ष त्या दरीतच असतो. शिक्षकांचे कागद मुख्याध्यापकाच्या हाती जाता कामा नयेत. तुम्ही स्वतः बंद पाकिटात घ्या, नाव-सही नको. ऑनलाइन फॉर्मची लिंक गटावर टाकली तर मोजकेच भरतात, तेही ओळखीचे. छापील प्रश्नावली तालुक्याच्या मुख्याध्यापक सभेत वीस मिनिटं मागून भरून घेतली तर जवळपास सगळ्या परत येतात. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं (माध्यमिक) परवानगी पत्र आधी हवं.

प्रश्नावलीचं भाषांतर एकीनं मराठीत करावं, दुसरीनं मूळ न बघता परत इंग्रजीत, मग दोन्ही इंग्रजी ताडून बघावीत. मुख्य नमुन्याबाहेरच्या तीसेक जणांवर पायलट, अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप) ०.७ च्या खाली आला तर विधानं सुधारायची. माहिती गोळा करायचा काळ जुलै ते सप्टेंबर किंवा दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत. जानेवारीत स्नेहसंमेलन आणि पुढे बोर्डाची परीक्षा, तेव्हा कुणीही तुमच्याकडे बघणार नाही.

---

पर्यवेक्षिका_कृष्णाकाठ

मनापासून आभार. पाठ निरीक्षणाचा विषय एकदम पटला. दोन शंका. माझीच शाळा नमुन्यात घेतली तर चालेल का? आणि प्रबंध मराठीत लिहायचा आहे, त्यात काही अडचण?

---

नमुना_निवड

स्वतःची शाळा संख्यात्मक नमुन्यातून वगळा, मॅडम. तुम्ही जिचा पाठ बघता ती शिक्षिका तुमच्या प्रश्नावलीला 'नाही' म्हणू शकत नाही, आणि म्हणालीच नाही तर ती खरी संमती होत नाही. पायलटलाही नको. नणंदबाईंची एड.डी. पद्धत मात्र स्वतःच्या शाळेवरच उभी असते. तिथे संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घेतल्याशिवाय एकही मुलाखत घेता येत नाही, आणि अधिकाराखालच्या माणसांची माहिती सहसा तिऱ्हाइताकडून गोळा करवून घेतात. तुम्हाला आपल्या शाळेत काही करून बघायचंच असेल तर ते वेगळा कृतिसंशोधन प्रकल्प म्हणून करा.

---

संशोधनकेंद्र_खिडकी

मराठीतून प्रबंध देता येतो, भाषेची परवानगी नोंदणीच्या वेळीच अर्जात नोंदवा. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम छापील छान दिसतं, पण साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला ती निरर्थक अक्षरं वाटतात आणि फाइल परत येते. चारशे पानं रूपांतरित करताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, सगळं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं.

तपासणीच्या मर्यादा २०१८ च्या विनियमांतल्या: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात साम्य वाढतं ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, कारण 'सर्वेक्षण पद्धती म्हणजे काय' याच्या त्याच त्या व्याख्या सगळ्यांनी एकाच पुस्तकातून उतरवलेल्या असतात. व्याख्या गाळा. तुम्ही कोणत्या शाळेत, कोणाला, कोणत्या क्रमानं काय विचारलं ते लिहा, ते कुणाशीच जुळणार नाही.

संदर्भ झोटेरोमध्ये (संदर्भ नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) वाचता वाचताच भरा. मराठी ग्रंथाची आवृत्ती आणि वर्ष ज्यावर छापलेलं असतं त्या पानाचा फोटो काढून जपून ठेवा, नंतर ग्रंथालयात तेच पुस्तक मिळेल याची खात्री नसते.

---

नियमपोथी

पीएच.डी.चा प्रवेश होईपर्यंतच्या वर्षासाठी एक सुचवतो. दिल्लीच्या नीपा या संस्थेचं राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्र शाळाप्रमुखांसाठी शालेय नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविकाही आहे. यांना डॉक्टरेटचं वजन नाही, पण ऑनलाइन आणि अधिकृत दोन्ही आहेत, आणि नेतृत्वावरचं वाचन सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायच्या आधीच होऊन जातं. नीपामध्ये अर्धवेळ पीएच.डी.ही असते. दिल्लीला जाऊन-येऊन राहणं जमणार असेल तर तिची जाहिरात दरवर्षी बघत राहा.

ना-हरकत पत्राचा मसुदा मात्र याच आठवड्यात सचिवांकडे द्या. शाळा समितीची सभा कधी आहे ते विचारून, विषयपत्रिकेत घालून घ्या.